मिटणारी जागा

अभिमन हात धुऊन परत आला तेव्हा त्याची खुर्ची मिटून भिंतीला टेकवलेली होती.

झालं होतं ते एवढंच. भावाच्या सुनेनं, छायानं, पोह्यांची बशी उचलली, ओल्या फडक्यानं फरशी पुसली आणि पुसता पुसता ती लोखंडी घडीची खुर्ची खट्कन मिटून कोपऱ्यात लावून टाकली. घर लहान, पोरं सारखी आत-बाहेर करणारी, वाटेत खुर्ची कोण ठेवील? अभिमनला हे सगळं कळत होतं. तरी दोन्ही हात ओले धरून तो दारातच थबकला. येता येता ऐकलेला तो खट् आवाज त्याच्या ओळखीचा होता. इतका ओळखीचा, की क्षणभर त्याला जळगावच्या या खोलीत, श्रावणातल्या त्या ढगाळ सकाळी, पायाखाली बारीक थरथर जाणवली आणि कानांना दडे बसल्यासारखं झालं. छायानं वळून पाहिलं, जीभ चावली. "अगंबाई, काका! तुमचं झालं असं वाटलं मला. थांबा, उघडून देते." "नको, नको," अभिमन घाईनं म्हणाला, "उभाच बरा आहे मी. रात्रभर गाडीत बसून पाय आखडलेत." हेही त्याच्या तोंडात बसलेलं होतं. उभाच बरा आहे. तुमचं चालू द्या. मी काय, कुठंही.

विमान कंपनीच्या सीट-शॉपमध्ये त्याचा सगळा जन्म गेला होता. सांताक्रूझला हँगरच्या मागं पत्र्याची लांबच लांब शेड, आणि तीत विमानांच्या पोटातून काढून आणलेल्या खुर्च्या ओळीनं मांडलेल्या. कुणाची पाठ मोडलेली, कुणाचा हात निखळलेला, कुणाच्या कापडावर दूरदेशच्या चहाचा डाग. गावाकडून कुणी आलं की विचारायचं, अभिमन, तू इमान चालवतोस का रे? मग तो हसून सांगायचा, चालवत नाही, लोकांना बसायला जागा करून देतो. या खुर्च्यांमध्ये एक खुर्ची वेगळी असे. विमानाच्या दारापाशी भिंतीला चिकटलेली, पाठ सरळसोट, बूड वर मिटलेलं. जंपसीट तिचं नाव. हवाई सुंदऱ्यांनी विमान उडताना आणि उतरताना बसायची ती जागा. बूड हातानं खाली ओढायचं, दाबून धरायचं आणि बसायचं. उठलं की आतली स्प्रिंग ते पुन्हा वर उचलते आणि खट्, भिंत जशी होती तशी. ती स्प्रिंग बसवायचं काम अभिमनकडे होतं. बसवून झाली की तो स्वतः बसून, उठून बघायचा. वेळेवर मिटली नाही तर पास करायची नाही. कारण ती दाराच्या वाटेत असते. काही झालं आणि माणसं दाराकडे धावली तर खुर्चीनं आडवं येता कामा नये. त्यानं नवीन पोरांना कितीदा तरी शिकवलं होतं, बाबांनो, ही जागा बसण्यासाठी आहे, पण तिची खरी परीक्षा मिटण्यात आहे. तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं की आपलं निम्मं आयुष्य त्याच जागेवर काढायचं आहे.

लेकीचं, उज्ज्वलाचं, लग्न लंडनच्या मुलाशी झालं आणि अभिमनचं विमानात बसणं सुरू झालं. कंपनीच्या माणसाला तिकीट जवळजवळ फुकट. पण ते सबलोड. म्हणजे पैसे भरलेले सगळे उतारू बसले आणि त्यातूनही जागा राहिली तर ती तुमची. पिशवी पायाशी धरून काउंटरच्या बाजूला उभं राहायचं. उतारू येताहेत, पेट्या चढताहेत, वहीवर नावांना खुणा होताहेत. आपल्यासारखे आणखी चारदोन जण खांबाला टेकून उभे. एकमेकांकडे बघायचं नाही, कारण एक जागा निघाली तर त्याची की माझी, हे मनात असतंच. सगळ्यांची नावं पुकारून झाली, काउंटरवरच्या बाईनं कपाळावरचे केस मागं सारले, की सर्वांत शेवटी ती नजर उचलायची. तेव्हा आपलं नाव. कधी ते यायचंच नाही. मग पिशवी उचलून कलिन्याच्या क्वार्टरकडे परत चालत. आणि कधी ती बाई म्हणायची, "फुल आहे हो, पाटील. पण कॅप्टन हो म्हणालेत. जंपसीट चालेल?" चालेल म्हणजे काय! पोरगी बाळंत व्हायची होती, तिच्या आईला, कुंदाला, प्रवास झेपत नव्हता, पिशवीत डिंकाचे लाडू आणि ज्वारीच्या बिबड्या. स्वतःच्या हातानं बसवलेल्या स्प्रिंगवर अभिमन उडत्या विमानात पहिल्यांदा बसला तेव्हा ती जरा जास्तच कडक झालीय असं त्याला वाटलं होतं.

ती जागा उलट्या तोंडाची असते. सगळं विमान पुढं बघतं, तुम्ही विमानाकडं बघता. दोन्ही खांद्यांवरून पट्टे, गुडघ्यांसमोर उतारूंचे गुडघे. दाराच्या फटीतून पायांना गार झोंबतं, तेव्हा वर्तमानपत्र घडी करून बुटात घालायचं. विमान जमीन सोडू लागलं की आपण पट्ट्यांत पुढं लोंबकळतो आणि समोरची माणसं मागं रेलतात, आणि मग ती सगळी, एकजात सगळी, आपल्याच तोंडाकडं बघू लागतात. त्यांना वाटतं हा विमानातलाच माणूस आहे. काही बरंवाईट असलं तर याच्या तोंडावर आधी दिसेल. एकदा एक म्हातारी पंजाबी बाई, डोक्यावरची ओढणी दातांत धरून, ढग संपेपर्यंत त्याच्याकडं टक लावून होती. अभिमननं तेव्हापासून आपला चेहरा शिकवला. आत काही का होईना, वर सपाट पाणी. मग हा चेहरा जमिनीवरही त्याच्याबरोबर येऊ लागला. कुंदाच्या शेवटच्या आजारपणात डॉक्टर बोलत होते तेव्हा तोच चेहरा; उज्ज्वला विमानतळावर गळ्यात पडली तेव्हाही तोच.

आणि झोप नाही. नऊ-दहा तासांची वाट, पण झोप नाही. वर गेल्यावर क्रूच्या पोरी दमून यायच्या, त्यांना घटकाभर बसायला हीच जागा. त्या काही म्हणत नसत. मिस डिसा नावाची एक होती, ती तर हात धरून बसवायची, "अंकल, बसा हो, आमी तरुण आहोत." पण तिच्या टाचा बुटातून बाहेर आलेल्या दिसायच्या. अभिमन उठायचा. खट्. उभाच बरा आहे मी. मग चहाच्या भांड्यांच्या त्या अरुंद बोळात पडद्याला पाठ लावून उभं राहायचं आणि दाराच्या इवल्या काचेतून बाहेर बघायचं. बाहेर काही नसे. अशा वेळी त्याला मायची ओवी आठवायची. मायला, यशोदाबाईला, लेकाची नोकरी काही समजली नव्हती. तिनं आपलं जात्यावर बसून त्याला विमानात चढवून टाकलं होतं.

अंडोर मना इमानमा, ढगना वर ऱ्हास,
पायखाले भुई नही, कसा निजी जास.

पोरा, ढगांच्या वर राहतोस, कसा निजतोस रे बाबा, पायाखाली भुई नसताना. जात्याच्या घरघरीत तिनं विचारलेलं ते त्याला कुठं इराण की तुर्कस्तानच्या वर ऐकू यायचं. खाली देश बदलत असायचे, आणि कानात नरडाण्याजवळच्या घराच्या ओसरीत पीठ पडायचं.

आता हे सगळं संपायचं होतं. दिवाळीला तो रिटायर व्हायचा होता. कलिन्याचं क्वार्टर सोडायचं. उज्ज्वलाचा आग्रह होता, बाबा, इकडंच या कायमचे. तिच्या घरी पुढच्या खोलीत सोफा होता. रात्री ओढला की पलंग व्हायचा. जावई फार भला माणूस. सकाळी अभिमन आंघोळीला गेला की तो स्वतः चादरीची घडी करायचा आणि पलंग आत ढकलून पुन्हा सोफा करायचा, म्हणजे मुलांना टीव्ही बघायला जागा. आंघोळ करून बाहेर आलं की आपण तिथं निजलो होतो हे कुणाला सांगूनही पटलं नसतं. अभिमननं तिथल्या गार, स्वच्छ न्हाणीघरात आरशासमोर उभं राहून एकदा स्वतःशीच म्हटलं होतं, मला एक अशी जागा हवी की मी उठलो तरी ती तशीच राहील. म्हटलं आणि लाजला. एवढ्या वयात माणसानं काय मागावं!

पण मागायचं तर होतं, आणि त्यासाठीच तो यंदा, खानदेशात श्रावणात घरोघर बसवतात त्या कानबाईच्या सणाला आला होता. मोठा भाऊ लोटन गावचं घर चुलतभावांवर टाकून कधीचा जळगावला आलेला, डाळमिलमध्ये राबून राबून त्यानं हे घर बांधलेलं. मुलगा गिरधर पाइपच्या कारखान्यात. घराच्या मागच्या बाजूला एक खोली होती. कुंदा असताना एकदा दोघं आली होती तेव्हा तीत निजली होती. ती खोली भाऊकडे मागायची. भाऊ, दिवाळीनंतर मी इथं येऊन राहू का? एवढंच वाक्य. कल्याण सोडल्यापासून तो ते घोकत होता. नाशिक गेलं, मनमाड गेलं. चाळीसगावला गाडी थांबली तेव्हा तो जुन्या सवयीनं दचकून पिशवीला हात घालू लागला. तिथं उतरून धुळ्याची गाडी धरायची, हे अंगात इतकं मुरलेलं की जळगावला सरळ पुढं जायचंय हे स्वतःला समजवावं लागलं. त्या धुळ्याच्या गाडीनं तो विशीत बाहेर पडला होता. माय चाळीसगावपर्यंत पोचवायला आलेली. फलाटावर तिनं त्याला पुडक्यातले गोड रोट दिले होते, आणि गाडी हलल्यावर हात न हलवता, कमरेवर हात ठेवून उभी राहिली होती, जसं काही तो शेतातच चाललाय. त्यानंतर सणाला तो कधी आला नाही. रजा मिळाली तर लंडन. न मिळाली तर कुणाची तरी खुर्ची मोडलेलीच असे. लग्नं, मरणं यांना आला. कानबाईला नाही.

"काय रे इमानवाल्या, उभा का?" लोटन बाजारातून आला, खांद्यावर केळीचे खांब, अंगाला ओल्या मातीचा वास. वयानं वाकलेला, पण आवाज खणखणीत. "सूनबाईनी बठाडं नही का तुले?"

"बसलो होतो, भाऊ. आत्ताच उठलो."

"यंदा खुर्ची भेटनी का इमानमा? का तीच, दरवाजानी?"

"तीच."

लोटन खो खो हसला. "म्हंजे आपला ट्रकवरला क्लीनरना मायक! दरवाजाले लटकी जावानं, लंडनलोंग! आनि गावमा सांगाले, आम्हना भाऊ इमानमा फिरस!" केळीचे खांब कोपऱ्यात उभे करताना त्यानं मिटलेली खुर्ची पायानं जरा सारली. "सुटी कितली शे?"

हीच वेळ होती. अभिमननं तोंड उघडलं. "आहे चार दिवस," तो म्हणाला. "मंगळवारी निघेन."

"बरं," लोटन म्हणाला, आणि केळीच्या खांबाची फाटकी पानं तोडू लागला.

आतून कमलवहिनीचा आवाज आला, "बापलेकसनी आंघोळ्या व्हयन्यात का? गहू काढाना शेतस मले. चक्कीवाला धोईसन बसेल शे, दुपारले दुसऱ्यानं दळण तो लेवावनार नही." कानबाईच्या रोटांचं पीठ दळायचं तर चक्की आधी धुवावी लागते, मग त्या दिवशी तिथं सणाचंच दळण. अभिमनला आठवलं, गावाकडं हे सगळं जात्यावर व्हायचं. त्याआधी माय नहाऊन, धुतलं लुगडं नेसून सुपासमोर बसायची आणि घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं गहू काढायची. सव्वा मूठ. एक मूठ भरून आणि वर पाव, बोटांच्या टोकांनी. नाव मोठ्यानं घ्यायचं. बाप, काका, लोटन, अभिमन, थेट पाळण्यातल्यापर्यंत. त्या गव्हाचे रोट व्हायचे आणि ते घरच्यांनीच खायचे. दुसऱ्या कुळात द्यायचे नाहीत, पुनवेच्या आत संपवायचे, उरू द्यायचे नाहीत. ज्याची मूठ सुपात पडली तो या घरचा. लहानपणी आपलं नाव येईपर्यंत अभिमन श्वास धरून बसायचा. ते दरवेळी यायचं, तरी धरायचा.

आज मूठ धरली जाईल का? हा विचार मनात आला आणि त्याला स्वतःचंच नवल वाटलं. इतकी वर्षं आपण इथं नव्हतो. इतकी वर्षं या घरात नावं घेतली गेली असतील आणि लोटनच्या नंतर सरळ गिरधर आला असेल. फट बुजली असेल. बुजायलाच हवी, घर चालतं ते फटी बुजवून. मूठ आणि ती मागची खोली, या दोन वेगळ्या मागण्या आहेत असं त्याला आता वाटेना. मूठ असेल तर खोली मागता येईल. नसेल तर मागण्यात काय अर्थ?

तो मागच्या दारानं परसात गेला. खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत ठिबकच्या काळ्या पाइपांची वेटोळी बंडलं छातीइतकी उंच रचलेली, एक तिचाकी सायकल, गव्हाची कोठी, फुटका कुलर. खिडकीतून कडुलिंबाची फांदी दिसत होती. अभिमन दारातच उभा राहिला. खाट इथं मावेल. खाटेखाली ट्रंक. इथं खिळा, त्यावर सदरा. त्याच्या हाताला जन्मभराची सवय, जागा नुसती बघून मापायची. किती रुंद, किती खोल, गुडघे कुठं येतील. मावत होता तो. पाइपांना रबराचा उग्र वास येत होता. त्यानं एका बंडलावर हात ठेवला, जरा दाबलं. ते दबलं आणि हळूच पुन्हा वर आलं. त्यानं हात काढून घेतला.

आत नावं सुरू झाली होती. तो लगबगीनं परत फिरला आणि स्वैपाकघराच्या दाराशी, आत दिसणार नाही असा, भिंतीला टेकून उभा राहिला. खांबाला टेकून उभं राहायचा तसा.

"आते तुना आजाना," कमलवहिनी म्हणत होती. "नाव ले वं, सोने. मी कशी लेवू?"

नात खिदळली. "तू का नाही घेत, आजी?"

"मना तोंडले कुलूप शे. तू ले, माय, हात अवघडना मना."

"लोटन!" नातीनं ओरडून घेतलं, आणि बाहेरून लोटन ओरडला, "काय शे?" आणि घर सगळं हसलं. गहू सुपात पडले. मग पाव मूठ, बारीक, सरीसारखी.

"गिरधर." गहू पडले. "योगेश." नातवाचेही पडले. मग गिरधरच्या धाकट्या भावाचं नाव, सुरतेला असतो तो, त्याची दोन मुलं, एक अजून पाळण्यातलं. एकेक नाव, एकेक मूठ, एकेक पाव मूठ. अभिमन ऐकत होता. आपलं शेवटी येईल, हे त्यानं मनाशी धरलंच होतं. सबलोडचं नाव शेवटीच येतं. बाई कपाळावरचे केस मागं सारते आणि मग नजर उचलते. पाळण्यातल्या पोराचं नाव झालं. "व्हयनं, बाई," कमलवहिनीनं मोठा श्वास सोडला. सूप झटकल्याचा आवाज आला. "छाया, डबा लई ये. गिरधर, सायकल काढ."

व्हयनं. झालं. काउंटर बंद.

अभिमन भिंतीला टेकून तसाच होता. काही तुटलं नाही, काही पडलं नाही. पायांना जरा गार लागलं तेवढंच. चेहरा त्यानं आधीच सपाट केला होता; समोर कुणी बघणारं नसतानाही तो झाला. बरोबरच आहे, तो स्वतःला म्हणाला. कुणी मुद्दाम केलेलं नाही. छायानं खुर्ची मिटली तीही मुद्दाम नव्हे. वाटेत काही ठेवू नये. मूठ म्हणजे नुसती पद्धत, वहिनीला कुठं ठाऊक मी इथं उभा आहे म्हणून. त्याच्या मनात लंडनचा सोफा आला, जावयानं काळजीपूर्वक केलेली चादरीची घडी आली, आणि त्याला त्या घडीबद्दल प्रथमच माया वाटली. तेही काही वाईट नाही. माणूस रात्री निजतो, सकाळी जागा मोकळी करतो. मंगळवारपर्यंत तरी कशाला थांबायचं? पुढच्या खोलीत येऊन त्यानं पिशवी पुढं ओढली आणि टॉवेल घडी करून तीत ठेवला. वाळला नव्हता, तरी ठेवला.

लोटन केळीच्या खांबांना सुतळी बांधत होता. त्यानं बघितलं. "काय करस?"

"भाऊ, मी उद्याच निघतो म्हणतो. काम आहे जरा."

"उद्या?" लोटननं सुतळी दातांतून काढली. "उद्या कानबाई बठस, परवा उठस, आनि तू उद्या जास? मंग तुना रोट कोन खाई?"

"माझे कुठले रोट, भाऊ," अभिमन म्हणाला. आवाज सपाट ठेवायला त्याला जरासुद्धा कष्ट पडले नाहीत. "माझी मूठ नाही धरली. मी तिथंच होतो. ऐकलं."

लोटननं सुतळी खाली ठेवली. मग त्यानं आत तोंड करून हाक मारली, "अवं! अवं, बाहेर ये. यानं काय म्हननं शे ते ऐक."

कमलवहिनी पदराला हात पुसत आली. मागं डबा घेतलेली छाया, तिच्या मागं नात. "मूठ नही काढी म्हने हाऊ आपली!" लोटन म्हणाला.

"कोनी? मी?" वहिनीनं कपाळाला हात लावला, आणि हाताचा गहू कपाळाला चिकटला. "अभिमनभाऊ, तुमनी त बठ्ठासना पहिले काढी मी! तुम्ही तव्हय कथा व्हतात?"

"मागं. खोलीत," तो म्हणाला.

"मंग कसं ऐकू येई! तुमनी पहिली ऱ्हास. या घरमा कितलाक साल व्हयनात, पहिली मूठ तुमनी, मंग बाकीनासनी." ती दाराच्या चौकटीला टेकली आणि तिचा आवाज जरा खाली आला. "तुम्ही मुंबईले ग्यात तव्हयपाईन मायनी तशी रीत पाडी. म्हने, जवळना त ताटवर येईसन बसतीन, तेसले कोन इसरस? जो दूर शे त्यानं पहिले. मलेबी माहीत नव्हतं, मी नवी नवरी, मोठाना पहिले धाकलानं नाव ऐकीसन हासनू त माय मनावर चिडनी. तिनी मंग गानंबी करेल व्हतं." आणि संकोचून, छायाकडं पाठ करून, बोलल्यासारखं, पण चालीतच, ती म्हणाली:

दूर ग्या मना पाखरू, त्यानी पहिली मूठ,
मंग बाकी गोतनी, मंग घरनं रोट.

अभिमनला हे ठाऊक असण्याचा काही संबंधच नव्हता. ही रीत तो नव्हता म्हणून पडली होती. तो असता तर ती नसती. तो ढगांवर उभा राहून जात्याची घरघर ऐकत होता तेव्हा इथं, पाळण्यातल्या पोराच्याही आधी, बापाच्या आणि भावाच्या आधी, त्याचं नाव सुपात पडत होतं. आणि तो, शेवटी पुकारलं जाण्याचा सराव झालेला, शेवटाकडं कान लावून उभा होता.

"आनि खास कोन ते रोट, हाई नही इचारं तुनी," लोटननं सुतळी पुन्हा हातात घेतली होती, पण गाठ मारत नव्हता. "उरू देवाना नही, बाहेर देवाना नही. मंग? दरसाल तुना वाटाना मी खास. पहिले मना, मंग तुना. डॉक्टर सांगस साखर शे, गोड खाऊ नका, आनि हाई बाई सांगस खावाच लागतीन, धाकला भाऊना शेतस. जीव जास मना पुनिमलोंग! आनि हाऊ आठे ईसन सांगस, मनी मूठ नही!"

"सांगू नका ना," वहिनी म्हणाली, "मागला साल गूळ जास्ती पडना म्हनीसन कितली बोलनी खादी मी यासनी."

"बोलसू नही त काय! दोन माणसेसना रोट एक पोटमा!"

नातीनं आजोबांच्या पोटाला बोट लावून पाहिलं. छाया तोंडावर पदर धरून हसत होती. अभिमनला आपला चेहरा सापडेना. जो नेहमी हाताशी असायचा, पट्ट्याच्या बकलासारखा, तो या वेळी लागला नाही. ओठ आपोआप हलू लागले आणि त्यानं ते हलू दिले.

"पन यंदा मना घोटाळा व्हयना," कमलवहिनी म्हणाली. "मूठ भरी आनि हात थांबना. म्हनं, हाऊ त घरमा शे! मंग पहिली कोनी? सुरतवालानी धरू का? पन हातले सवय, तुमनंच नाव ऊनं. आते पुढला सालनं काय ते तुम्हीच सांगा, बाई, मले नही समजत."

ती आपली सहज बोलली. डबा घेऊन सून उंबऱ्यात उभी, चक्कीवाला खोळंबलेला, गिरधर बाहेर सायकलची घंटी वाजवतोय. अभिमननं पिशवीतला ओला टॉवेल बाहेर काढला आणि हातात धरला. कल्याणपासून घोकलेलं वाक्य कुठं गेलं कुणास ठाऊक; जे आलं ते दुसरंच होतं.

"पुढल्या साली माझी पहिली काढू नका, वहिनी," तो म्हणाला. "सुरतवाल्याची काढा. माझी भाऊच्या मागं काढा. जिथं होती तिथं."

वहिनीनं नवऱ्याकडं पाहिलं. लोटननं सुतळीची गाठ मारली, ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली. मग त्याची नजर मागच्या दाराकडं गेली आणि तिथंच जरा थांबली.

"गिरधर!" त्यानं बाहेर हाक मारली. "दळण टाकी ये, मंग त्या पाइपना बंडल मांगली खोलीमाईन काढाना शेतस. आजच. तो कुलरबी भंगारमा दे." आणि अभिमनकडं न बघता, खांबाची पानं सारखी करत, म्हणाला, "खिडकी नीट लागत नही तठली. तुले येस ना दुरुस्त करता?"

"येते," अभिमन म्हणाला.

"मंग चांगलं शे."

छाया डबा गिरधरकडं देऊन परत आली आणि तिनं लगबगीनं कोपऱ्यातली खुर्ची घेऊन उघडली. "बसा ना काका, केव्हाचे उभेच आहात." अभिमननं खुर्चीकडं पाहिलं, मान हलवली, आणि लोटनच्या शेजारी खालीच बसला. फरशी गार होती. भिंतीला पाठ लावून त्यानं पाय लांब केले. पट्टा नव्हता, समोर कुणाचे गुडघे नव्हते, ते पार उंबऱ्यापर्यंत गेले. लोटन केळीच्या पानांबद्दल काहीतरी बोलत होता, कुणी किती महाग दिली, कुणी फसवलं. अभिमन हं, हं म्हणत राहिला. मग हं लांबत गेलं. घरात सणाची गडबड वाढत होती. वहिनी चौरंग मागत होती, नात आणि तिचा भाऊ पताका घेऊन आतून बाहेर, बाहेरून आत पळत होती, आणि अभिमनचे पाय बरोबर वाटेत आडवे होते. दर खेपेला पोरं त्यांच्यावरून उडी मारून जात. एकदा नातीनं थांबून, पाय बाजूला सारायला हात घातला, तर लोटननं तोंडावर बोट ठेवलं. ती दबकून मागं सरली आणि पुन्हा उडी मारून गेली.